प्रबंधाला वाचक हवा

डहाणू-तलासरीबद्दल लिहिणारी माणसे आजवर बहुतेक बाहेरून आली. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वारल्यांची माहिती आहे, ती इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी गोळा केलेली. १९४५ साली के. जे. सावे यांचे 'द वारलीज' आले, तेही सरकारी नोकरीतल्या माणसाचे. १९८८ साली यशोधरा दालमिया यांनी वारली चित्रांवर ग्रंथ लिहिला. कष्टाने केलेली कामे आहेत ही. पण ज्या पाड्यांवर ती झाली, तिथले कोणी लेखकाच्या जागी नव्हते.

आता ते बदलू लागले आहे. तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे, बोर्डीला विज्ञान महाविद्यालय आहे. आईवडील भातशेती आणि मजुरीवर जगणारे, आणि मुलगी एम.ए. करून पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बसलेली, हे आता नवलाचे राहिलेले नाही. पुढचा रस्ता मात्र मुंबई विद्यापीठात कलिन्याला, पुण्याला किंवा त्याहून लांब जातो.

अर्ज, जातवैधता, शिष्यवृत्ती, नोंदणी इथपर्यंत कोणी ना कोणी मदतीला असते. खरी अडचण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. मुलाखती झालेल्या असतात, झेरॉक्सचे गठ्ठे साठलेले असतात आणि लिखाण मात्र पहिल्या प्रकरणाच्या पाचव्या पानावर थांबलेले असते. अशा वेळी घरचे म्हणतात अभ्यास कमी पडला, आणि विद्यार्थी स्वतःला म्हणतो की आपले इंग्रजीच कच्चे. माझ्या मते कारण बहुतेक वेळा वेगळे असते. तीन वर्षांत त्याने लिहिलेली दोन पानेसुद्धा कोणी नीट वाचलेली नसतात. लिहिणे ही वाचकाच्या सोबतीने शिकायची गोष्ट आहे, आणि संशोधकाला मार्गदर्शन हवे म्हणजे मुख्यतः वेळेवर वाचणारी माणसे हवीत.

सुरुवात विषयाच्या मथळ्यापासूनच होते. 'पालघर जिल्ह्यातील आदिवासींचा सामाजिक व आर्थिक विकास : एक चिकित्सक अभ्यास' अशा धर्तीचे मथळे आपल्या विद्यापीठांतून अजून मंजूर होतात. जिल्ह्यात आठ तालुके. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडिया अशा वेगवेगळ्या जमाती, त्यांचे वेगवेगळे व्यवसाय. हे सगळे एका माणसाला एका प्रबंधात कवेत घेता येत नाही. मग जनगणनेचे तक्ते उतरवून पाने भरली जातात. त्यापेक्षा एक प्रश्न घ्यावा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतली मुले जूनमध्ये शाळेत परत येतात का? आली तर कोणत्या वर्गात बसतात आणि मधल्या महिन्यांचे काय होते? हा प्रश्न तलासरी तालुक्यातल्या दोन-तीन पाड्यांवर नेला की कोणाला भेटायचे, शाळेच्या हजेरीपटात काय पाहायचे, कोणत्या महिन्यात भट्टीवर जायचे हे त्यातूनच ठरत जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही हेच लागू. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'चिकू लागवडीचा अभ्यास' एवढाच विषय घेतला तर काम कधी संपणार नाही. एका किडीचे दोन हंगामांतले प्रमाण घेतले तर संपेल. विषय ठरला की तो आपल्या आत्याला प्रश्नाच्या रूपात सांगून बघावा. ती उलट बोलली, 'अगं, पण भट्टीवर सगळेच कुठे जातात?' असे म्हणाली, तर विषय हाताशी आला असे समजायला हरकत नाही.

आता नियमांकडे वळू, कारण नियम माहीत नसल्याने मुले हक्काची मदतही मागत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएचडीसाठीची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे आणि प्रवेशापासून कमाल सहा वर्षे अशी तिची मुदत आहे. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याहीपुढे दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी स्त्रियांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदलावे लागले, तर काही अटींवर आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोयही आहे. बोर्डीची मुलगी लग्न होऊन वलसाडला किंवा नाशिकला गेली म्हणून तिने नाव काढून घेण्याची गरज नाही. हे तिच्या सासरीही कोणीतरी सांगायला हवे.

याच नियमावलीत संशोधन सल्लागार समिती आहे. विद्यार्थ्याने दर सत्रात या समितीपुढे कामाचे सादरीकरण करायचे, छोटा अहवाल द्यायचा आणि समितीने पुढची दिशा सुचवायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा सह्यांचा कार्यक्रम होतो. तो तसा होऊ न देणे काही अंशी विद्यार्थ्याच्या हातात आहे. अहवालात 'साहित्याचा आढावा सुरू आहे' असे लिहिले तर समिती मान डोलावते आणि चहा घेऊन उठते. त्याऐवजी लिहिलेल्या प्रकरणाची दहा पाने आठ दिवस आधी पाठवावीत आणि दोन नेमके प्रश्न विचारावेत. समितीतल्या एका तरी माणसाला ती पाने वाचावी लागतात.

गाइडचेही तसेच. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. शिवाय त्यांचे तास, परीक्षा, नॅकची कामे. 'सर, पुढे काय करू?' एवढाच प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला 'वाचन वाढवा' हेच उत्तर मिळणार. चार कागद हातात असले की बोलणे कागदावर येते. भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरले ते पाच ओळींत लिहून गाइडना पाठवावे. यात आगाऊपणा काही नाही. सहा महिन्यांनी 'मी असे म्हटलेच नव्हते' हा प्रसंग त्यामुळे टळतो. आपल्याकडची बरीच मुले संकोचाने गप्प राहतात, कारण घरात आजवर कोणी प्राध्यापकाशी बरोबरीने बोललेले नसते. हा संकोच गाइडनेच मोडायला हवा, वयाने आणि अधिकाराने तेच मोठे आहेत.

अंतराचा प्रश्न खराच आहे. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, पण डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास आहे. तलासरी गावाला रेल्वे स्थानक नाही, आधी रिक्षा किंवा एसटीने स्टेशन गाठायचे. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी दिवस जातो आणि मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून दर दोन महिन्यांनी एक प्रत्यक्ष भेट आणि मधल्या काळात मोबाइलवर ठरलेल्या वेळी बोलणे, असे आधीच मान्य करून घ्यावे. नियमात सहमार्गदर्शकाची तरतूद आहे, तो दुसऱ्या विभागातला किंवा मंजुरी घेऊन दुसऱ्या संस्थेतलाही चालतो. विषयाचा जाणकार जवळ असेल तर ही तरतूद वापरावी.

आता पाड्यावरचे काम. इथे स्थानिक विद्यार्थ्याचे पारडे जड असते आणि नेमकी इथेच त्याला सर्वांत बारीक मदत लागते. बाहेरचा संशोधक मे महिन्यात सुट्टी बघून येतो. इथल्याला माहीत असते की दिवाळीनंतर अर्धी घरे कुलूपबंद असतात, लोक वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो चौक पाहायचा असेल, लग्नात गाणाऱ्या धवलेरीची गाणी ऐकायची असतील तर लग्नसराईतच जायला हवे, आणि आवणीच्या दिवसांत कोणाला मुलाखत मागणे हाच अन्याय. हे ज्ञान प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहायचे असते. मुले ते लिहीत नाहीत. त्यांना वाटते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आणि माणसे साल सांगत नाहीत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आजीला विचारले, 'हे रान तुमच्याकडून कधी गेले?' तर ती म्हणेल, 'माझा मधला पोऱ्या रांगत होता.' इथे अडून बसायचे कारण नाही. लोकसंख्येचे अभ्यासक अशा वेळी स्थानिक घटनांची कालपट्टी वापरतात. डहाणू-तलासरीसाठी ती सहज तयार होते. लाल बावटा आला ते १९४५ साल. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले १ मे १९६०ला, तेव्हा उंबरगाव पलीकडे गेले आणि तलासरी अलीकडे राहिली. मग १९७२चा दुष्काळ. १९९०च्या दशकाच्या मध्यावर डहाणूचे औष्णिक वीज केंद्र चालू झाले. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली. त्यानंतरची टाळेबंदी तर सगळ्यांच्याच लक्षात आहे. ही पट्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि आजीला विचारावे, 'मधला पोऱ्या रांगत होता तेव्हा दुष्काळ होऊन गेला होता का?' उत्तराच्या दोन्ही बाजूंना खुणा मिळतात आणि साल त्या दोन खुणांमधल्या पट्ट्यात येते. प्रबंधात साल लिहिताना तो पट्टाच लिहावा, नेमके साल ओढूनताणून आणू नये. आजीचे मूळ वाक्यही तिच्याच बोलीत, जसेच्या तसे, शेजारी ठेवावे.

या वहीचे दोन भाग असावेत. एका बाजूला जे पाहिले आणि ऐकले ते, दुसऱ्या बाजूला त्याबद्दल स्वतःला काय वाटले ते. एकाच पानावर दोन्ही कालवले की वर्षभराने 'लोक नाराज होते' या वाक्यातली नाराजी कोणाची, त्यांची की आपली, हे सांगता येत नाही. स्वतःच्याच गावात काम करणाऱ्याला हा धोका जास्त.

जुन्या घटनेवर लिहायचे असेल तर आणखी एक काटेकोरपणा लागतो. उदाहरण झरीचेच घेऊ. २३ मे १९४५ रोजी झरीला (तेव्हा ती उंबरगाव तालुक्यात होती) वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. यावर काय काय उपलब्ध आहे? चळवळीचे नेते शामराव परुळेकर यांची 'रिव्होल्ट ऑफ द वारलीज' ही १९४७ची पुस्तिका, ऐन धामधुमीत चळवळीच्या बाजूने लिहिलेली. याच चळवळीतल्या गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०चे, म्हणजे पंचवीस वर्षांनंतरचे आठवणीतले लेखन. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधायचे, ते पोलीस आणि महसूल अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेले. सिमिंग्टन यांचा आदिवासींवरचा अहवाल या उठावाच्या आधीचा, १९३०च्या दशकाच्या अखेरीचा. सरकारी माणसाने वेठीबद्दल आधीच काय नोंदवले होते ते त्यात दिसते. आणि पाड्यावरची आठवण. पण त्या वेळी शहाणे-सवरते असलेले माणूस आज नव्वदीपलीकडचे. 'गोदाराणीची सभा मी पाहिली' असे गोदावरी परुळेकरांबद्दल सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटतील, बाकी सगळे 'माझा बाप सांगायचा' असे म्हणतील. म्हणून प्रत्येक मुलाखतीपुढे खूण करावी: पाहिलेले, ऐकलेले की गाण्यातून आलेले. तिन्हींची किंमत आहे, फक्त त्यांची सरमिसळ होऊ नये. व्हायवाला बसलेला बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न बहुधा इथेच विचारतो.

मुलाखत घेताना परवानगी आधी घ्यावी, फोटोची वेगळी आणि नाव छापण्याची त्याहून वेगळी. वनहक्काचा दावा किंवा सावकाराचे कर्ज यावर बोलणाऱ्या माणसाचे नाव छापले तर त्याला त्रास होऊ शकतो. उलट, चित्रकाराचे किंवा गाणे म्हणणाऱ्या धवलेरीचे नाव तिने परवानगी दिली असताना गाळणे हा तिच्यावर अन्याय. वारल्यांच्या चित्रांचे फोटो कलाकाराच्या नावाशिवाय फार छापून झाले आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगाला कळले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण लग्नाच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या चित्र काढणाऱ्या सवासिनींची नावे कोणत्या सूचीत आहेत? पाड्यावरची मुलगी प्रबंध लिहील तेव्हा निदान तिच्या पाड्यापुरती ती यावीत.

जमवलेले सांभाळण्याबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. एम. एन. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले समाजशास्त्रज्ञ. म्हैसूरजवळच्या रामपुरा गावाच्या त्यांनी वर्षानुवर्षे लावून ठेवलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेत होत्या. २४ एप्रिल १९७० रोजी कोणीतरी तिथे आग लावली आणि तिन्ही जळल्या. सोल टॅक्स या मानववंशशास्त्रज्ञ सहकाऱ्याने त्यांना सुचवले की आता आठवणीतून लिहा. त्यातून १९७६ साली 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक झाले. आपण काय घ्यायचे? तीन प्रती असून उपयोग नाही, त्या तीन ठिकाणी हव्यात. मोबाइलमधले रेकॉर्डिंग त्याच रात्री गूगल ड्राइव्हवर चढवावे, एक प्रत पेनड्राइव्हवर भावाकडे ठेवावी. पावसाळ्यात डहाणूच्या पट्ट्यात कागद कसा ओला होतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. या गोष्टीतला सोल टॅक्सही विसरू नये. सगळे संपले असे वाटत असताना 'तुमच्या डोक्यात आहे ते लिहा' असे म्हणणारे माणूस श्रीनिवासांसारख्या मुरलेल्या अभ्यासकालाही लागले.

मग वाचक आणायचे कुठून? गाइड एक, समिती दुसरी, पण दोन्ही लांब आणि दोन्हींची भीती. तिसरा वाचक जवळपास तयार करावा लागतो. डहाणू, तलासरी, बोर्डी, पालघर या भागात कोणत्याही विषयात पीएचडी करणारे चार-पाच जण एकत्र आले तरी पुरे. यात महाविद्यालयांत शिकवता शिकवता अर्धवेळ पीएचडी करणारे पुष्कळ असतात. पंधरवड्यातून एका शनिवारी दुपारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसायचे. प्रत्येकाने तीन पाने आणायची, त्याहून जास्त नाही. लिहिणाऱ्याने स्पष्टीकरण द्यायचे नाही, नुसते ऐकायचे. वाचणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: कुठे समजले नाही, कुठे पुरावा मागावासा वाटला, कुठे पुढे वाचावेसे वाटले. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाची पाने वाचतो तेव्हा 'हे तुम्हाला कसे कळले?' हा प्रश्न तो निर्मळपणे विचारतो. विषयातल्या माणसाला तो सुचत नाही. महाविद्यालयाने या मंडळाला एक खोली, एक प्रिंटर आणि प्राचार्यांचा पाठिंबा दिला तर फारसा खर्चही नाही. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्यांचीच मुले आहेत ही.

लिहायचे रोज, आणि टंकलेखनही स्वतःच करायचे. आपल्याकडे हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे देण्याची पद्धत अजून आहे. तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतो. छापलेले पान सुंदर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे मराठी नसतात. वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली ती वाचू शकत नाही, आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला तरी आतला शब्द शोधून सापडत नाही. युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट किंवा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर, पहिल्या दिवसापासून स्वतः टाइप करावे. संदर्भांसाठी झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. पुस्तक हाती घेतल्याबरोबर लेखक, साल, प्रकाशक आणि पानक्रमांक त्यात टाकला की शेवटच्या महिन्यात संदर्भसूचीसाठी रात्री जागवाव्या लागत नाहीत. चौर्याबाबत आयोगाचे २०१८चे नियम स्पष्ट आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. बहुतेक मुले लबाडीने उतरवत नाहीत, टिपण काढताना अवतरणचिन्ह द्यायचे विसरतात. ही सवय पहिल्याच महिन्यात कोणीतरी लावून द्यायला हवी.

प्रबंध कोणत्या भाषेत लिहायचा हे नोंदणीपूर्वी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. विषय मराठीत चालत असेल तर मराठीतच लिहावा. मुलाखती वारलीत, विचार मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत अशी दोनदा गाळणी लागली की मूळ बोलण्यातले बरेच निसटते. इंग्रजीतच लिहावा लागला, तर आधी मराठीत मसुदा करण्यात कमीपणा नाही.

गाइडशी मतभेद झाला तर? इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला वंशवादी मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. मानवी कवट्या मोजून वंशभेदाचा पुरावा मिळतो का, हे त्यांना पाहायचे होते आणि फिशर यांचा कल कोणत्या उत्तराकडे होता हे उघड होते. इरावतीबाईंनी मोजमापे केली आणि असा संबंध दिसत नाही असेच लिहिले. पदवी मिळाली, कौतुक मिळाले नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटी बाई. आकडे चोख असल्यामुळेच त्या उभ्या राहू शकल्या. आपल्या विद्यार्थ्याला एवढे धाडस क्वचितच लागेल. पण 'वेठ संपली' असे पुस्तकात असेल आणि पाड्यावर आगाऊ उचल घेऊन भट्टीवर बांधली गेलेली कुटुंबे दिसत असतील, तर नोंदी, तारखा आणि रकमा घेऊन त्याने गाइडपुढे बसावे. चांगला गाइड तिथे आपले मत बदलतो.

प्रबंध सादर झाला की तो किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मग व्हायवा होतो. व्हायवा सल्लागार समिती, प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी खुला असतो. पाड्यावरच्या माणसांना बसता येईल का ते विद्यापीठाला आधी विचारावे; परवानगी मिळाली तर त्यांना बोलवावे, गाडीभाड्याची तजवीज विभागाने करावी. प्रबंध सादर करण्याआधीच, परिशिष्टे जुळवण्याच्या सुमारास, ज्या पाड्यावर काम केले तिथे एका संध्याकाळी निष्कर्षाचे प्रकरण सोप्या भाषेत वाचून दाखवावे. लोक चुका काढतात. कोणाचे नाते चुकले, कोणती विहीर कोणाची, भट्टीची उचल कोणत्या महिन्यात मिळते, हे त्या बैठकीत दुरुस्त होते, आणि या दुरुस्त्या कोणी सुचवल्या हेही तळटीपेत येते. पदवी मिळाल्यावर प्रबंधाची एक छापील प्रत तालुक्याच्या महाविद्यालयात आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, ज्यांनी परवानगी दिली त्यांचे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाव, गाव आणि तारखेसह जमा करावे. पुढच्या वर्षी नोंदणी करणाऱ्या मुलीला कामाची सुरुवात तिथून करता येईल.